'पुसिलॅनिमस' म्हणजे नुसता भित्रा का?

करवंदाची_जाळी

इंग्रजीत भित्र्या माणसासाठी विशेषणांची टंचाई नाही. टिमिड, टिमरस, डिफिडंट, फेंट-हार्टेड, क्रेव्हन, आणि या सगळ्यांत लांबलचक ते पुसिलॅनिमस. स्पर्धा परीक्षांच्या शब्दयाद्यांमध्ये या सगळ्यांसमोर एकच मराठी शब्द छापलेला असतो, भित्रा. यादी करणाऱ्याला फारच उत्साह असेल तर भ्याड.

मी इंग्रजी अग्रलेख आणि राजकीय लेखांची भाषांतरं करते. तिथे पुसिलॅनिमस हा शब्द बहुतेक वेळा एखादं सरकार, विद्यापीठ, संपादक, क्रीडा मंडळ अशा कुणाला तरी चिकटवलेला असतो. पुसिलॅनिमस रिस्पॉन्स, पुसिलॅनिमस सायलेन्स, पुसिलॅनिमस कॉम्प्रोमाइज. झुरळाला घाबरणाऱ्या जावेला किंवा पाहुणे आले की पडद्यामागे लपणाऱ्या पोराला हा शब्द लावलेला मला तरी भेटलेला नाही.

व्युत्पत्ती बघितली तर लॅटिनमध्ये पुसिलस म्हणजे इवलासा आणि ॲनिमस म्हणजे मन, चित्त. इवल्या मनाचा. म्हणजे या शब्दात भीती कुठेच नाही! टिमिडमध्ये ती आहे, कारण लॅटिन टिमेरे म्हणजेच भिणं. माझ्या मते फरक इथेच पडतो. टिमिड माणसाला भीती वाटते, तो स्वभाव झाला, त्याबद्दल कुणी त्याला दोष देत नाही. पुसिलॅनिमस माणसाकडे खुर्ची असते, अधिकार असतो, काय करायला हवं ते त्याला कळत असतं, आणि तरी वेळ आली की तो आक्रसतो. म्हणून त्या शब्दात कणव नाही, तुच्छता आहे.

आता अडचण मराठीची. 'भ्याड' लिहिलं की आवाज फार मोठा होतो. शिवाय वर्तमानपत्रांनी 'भ्याड हल्ला' इतका वापरलाय की भ्याड माणूस घरात लपतो की हातात बंदूक घेऊन येतो तेच कळेनासं झालंय. 'नेभळट' जवळचा वाटतो, पण नेभळट माणूस बाराही महिने नेभळट असतो. मला हवाय तो ऐन वेळी मन छोटं करणारा. सुचवा.

पेठेतला_पोरगा

ताई, आधी उच्चार सांगा. आमच्या क्लासचे सर पुसिलानिमस म्हणतात, यूट्यूबवर प्यूसिलॅनिमस म्हणतात. आणि स्पेलिंगमध्ये एल दोन की एन दोन?

करवंदाची_जाळी

प्यूसिलॅनिमस बरोबर, जोर 'लॅ'वर. धाग्याच्या शीर्षकात मी बोलीतलं सोपं रूप ठेवलंय. एल दोन, एन एक.

सरळरेघ

धागा रोचक आहे पण पहिल्याच पायरीवर असहमत. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. संस्कृत धर्मशास्त्रात 'साहस' म्हणजे बळजबरीचा गुन्हा, लूट, मारहाण. आज आपण शाळेच्या सहलीला साहसी सहल म्हणतो आणि पालक पैसे भरतात. तेव्हा 'इवलं मन' वगैरे ठीक आहे, पण आजच्या कोणत्याही इंग्रजी कोशात पुसिलॅनिमसचा अर्थ धैर्य किंवा निश्चय नसलेला असाच सापडेल. सरळ भ्याड लिहा.

मी वकिली करतो. भारदस्त शब्द वापरले की मुद्दा भारदस्त होतो असा समज आमच्याकडेही फार आहे.

करवंदाची_जाळी

व्युत्पत्तीवर सगळं उभं करायचं नाही हे मान्यच. म्हणून तर आधी वापर सांगितला. एक साधी कसोटी बघा. 'आय ॲम अ टिमिड पर्सन' हे कुणीही सहज म्हणू शकतं, समोरचा उलट धीर देतो. 'आय ॲम पुसिलॅनिमस' असं गंभीरपणे कुणी स्वतःबद्दल म्हणेल का? तो शब्द दुसऱ्याने आपल्यावर फेकायचा असतो. आणि कोशात 'निश्चय' हा शब्द आहे असं तुम्हीच लिहिलंत. निश्चय ज्याच्याकडे अपेक्षित असतो त्याच्याकडेच त्याचा अभाव दिसतो. रस्ता ओलांडायला घाबरणाऱ्या म्हातारबांकडे निश्चय नाही असं आपण म्हणत नाही.

सरळरेघ

युक्तिवाद बरा आहे. निकाल राखून ठेवतो.

निवृत्त_मास्तर

करवंदाताई, तुमच्या बाजूने थोडं जुनं सामान आणतो. हा शब्द लॅटिनमध्येही ग्रीकवरून बेतलेला आहे. ग्रीक ऑलिगोप्सुखोस, ऑलिगोस म्हणजे थोडका आणि प्सुखे म्हणजे जीव किंवा मन. ऑलिगार्कीतला ऑलिगो आणि सायकॉलॉजीतला साय, दोघे इथे एकत्र नांदतात.

त्याच्याही आधी ॲरिस्टॉटल आहे. नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या चौथ्या भागात त्याने मेगालोप्सुखिया, म्हणजे मोठ्या मनाचं असणं, हा सद्गुण सांगितला. त्याच्या एका टोकाला पोकळ बढाई, दुसऱ्या टोकाला मिक्रोप्सुखिया, छोटं मन. गंमत अशी की ॲरिस्टॉटलचा छोट्या मनाचा माणूस भित्रा नाहीच. ज्याची लायकी मोठी आहे पण जो स्वतःला त्याहून कमी समजतो आणि त्यामुळे चांगल्या कामांपासूनही लांब राहतो, तो हा. आणि बढाईखोरापेक्षा हा वाईट, कारण असे जास्त सापडतात, असंही तो म्हणतो. भित्र्या माणसाची चर्चा त्याने शौर्याच्या प्रकरणात वेगळी केलेली आहे.

आता आपल्या घरचं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला काय म्हणतो? 'क्षुद्रं हृदयदौर्बल्यं त्यक्त्वोत्तिष्ठ परंतप.' क्षुद्र म्हणजे इवलं, हृदयदौर्बल्य म्हणजे मनाचा कमकुवतपणा. पुसिलस आणि ॲनिमस दोन्ही हजर. आणि हे कुणाला सांगितलंय? गांडीवधारी अर्जुनाला. ज्याच्या अंगात ताकद आहे त्यालाच. उत्तराला नाही सांगितलं! विराटाचा तो राजपुत्र कौरवांचं सैन्य बघून रथातून उडी टाकून पळाला, तो टिमिड. अर्जुन त्या क्षणी पुसिलॅनिमस.

सरळरेघ

मास्तर, आक्षेप. उत्तर आधी बायकांसमोर बढाया मारून निघाला होता, मग पळाला. राजपुत्र आहे, राज्याच्या गाई पळवल्या जातायत, जबाबदारी त्याचीच आहे. तुमच्याच व्याख्येने तो पुसिलॅनिमस ठरतो. आणि अर्जुनाला भीती नव्हती, आप्तांची कणव होती. तो प्रश्न विचारतोय, पळत नाहीये.

निवृत्त_मास्तर

उत्तराबाबत तुमचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे. अर्जुनाबाबत मात्र बघा, कणव होती हे अर्जुनाचं म्हणणं. क्षुद्र दौर्बल्य हे कृष्णाचं. करवंदाताई वर म्हणाल्या ना, हा शब्द दुसऱ्याने फेकायचा असतो. ज्याच्यावर फेकला जातो त्याच्याकडे स्वतःसाठी नेहमी दुसरा, जास्त चांगला शब्द असतो. विवेक, संयम, कणव, व्यवहार.

तिरकस_आजी

आमच्या सोसायटीच्या सचिवांकडे 'आपण सगळ्यांना बरोबर घेऊन जाऊ' असा अख्खा वाक्प्रयोग आहे. टाकी गळतेय ती गळतेय.

वसईकरीण

मास्तरांनी ग्रीक काढलंय तर मी देवळातलं सांगते. आम्ही वसईचे ख्रिस्ती, मराठीच बोलतो, मराठीतच प्रार्थना करतो. येशूचा संदेश पसरवणाऱ्या पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात हाच ग्रीक शब्द आहे. जुन्या लॅटिन बायबलमध्ये तिथे पुसिलॅनिमेस आहे. मराठीत काय आहे माहितीये? 'जे अल्पधीराचे आहेत त्यांना धीर द्या.'

अल्पधीराचे! ऑलिगोस म्हणजे अल्प, अगदी तंतोतंत. लहानपणापासून ऐकतेय, पण तो पुसिलॅनिमस आहे हे आज कळलं.

१६११च्या किंग जेम्स इंग्रजी भाषांतरात मात्र तिथे फीबल-माइंडेड घातलंय. पुढे फीबल-माइंडेडचा अर्थच बदलला, मतिमंद असा झाला, आणि ते वाक्य भलतंच ऐकू यायला लागलं. नव्या इंग्रजी आवृत्त्यांत फेंट-हार्टेडसारखे शब्द आलेत. आमचं अल्पधीर जागच्या जागी आहे.

पण एक लक्षात घ्या, पौल त्यांना झोडत नाहीये. धीर द्या म्हणतोय. म्हणजे तुच्छता या शब्दात पहिल्यापासून नव्हती.

करवंदाची_जाळी

वसईकरीण, हे सोनं आहे! अल्पधीर. उद्याच वापरते. मग तुच्छता आली कधी?

वसईकरीण

नेमकं कधी ते भाषेचे लोक सांगतील, पण चर्चच्या बाजूने एक टप्पा नक्की. तेराव्या शतकात थॉमस ॲक्विनास या धर्मपंडिताने पुसिलॅनिमिटीला थेट पाप ठरवलं. त्याचं म्हणणं, आपल्या कुवतीपलीकडचं करायला जाणं ही जशी घमेंड, तसंच कुवतीतलं करायला नकार देणं हे छोटं मन. दाखला त्याने येशूच्या दाखल्यातला दिलाय. मालक परदेशी जाताना चाकरांना टॅलेंट देतो, म्हणजे त्या काळचं चांदीचं मोठं वजन. दोघे धंदा करून दुप्पट करतात. तिसरा घाबरून जमिनीत पुरून ठेवतो आणि मालक आल्यावर जसंच्या तसं परत देतो. चोरी नाही, अफरातफर नाही, तरी मालक त्याला हाकलतो. इंग्रजीत अंगच्या गुणाला टॅलेंट म्हणतात ते याच दाखल्यावरून.

म्हणजे करवंदा, तुझी 'कुवत असून मागे सरणारा' ही व्याख्या सातशे वर्षांहून जुनी आहे.

गाडगीळ_नसलेला

मध्येच विचारतो. इंग्रजीत भित्र्या पुरुषाला जी मांजरीवरून शिवी देतात ती याच शब्दाचं लघुरूप आहे असं व्हॉट्सॲपवर फिरत असतं. खरंय का?

करवंदाची_जाळी

नाही. मांजरीचा तो शब्द जर्मन-डच कुळातला, वेगळ्या घरातला. सुरुवातीची अक्षरं सारखी म्हणून जोडलेली ती सोयरीक आहे. शिवी सभ्य करून दाखवायला बरी पडते इतकंच. खरं तर उच्चारही जुळत नाही, इकडे प्यू आहे आणि तिकडे पु.

न्यूजर्सीतला_भाऊ

पण मांजर आणि पुसिलॅनिमस यांचं एक लग्न अमेरिकेत गाजलंय. १९७०च्या निवडणूक प्रचारात निक्सनचे उपाध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू विरोधकांवर आणि पत्रकारांवर अनुप्रासांचा मारा करत फिरत होते. त्यात 'पुसिलॅनिमस पुसीफूटिंग' होतं. पुसीफूटिंग म्हणजे मांजरपावलांनी, आवाज न करता, बाजू न घेता चालणं. भाषणं लिहून देणाऱ्यांत विल्यम सफायर आणि पॅट ब्युकॅनन होते. सफायर पुढे न्यूयॉर्क टाइम्समध्ये भाषेवरचं सदर लिहून प्रसिद्ध झाला.

त्याच प्रचारातलं दुसरं आणखी प्रसिद्ध, 'नॅटरिंग नेबॉब्स ऑफ निगेटिव्हिझम'. यातला नेबॉब म्हणजे आपला नवाब बरं का. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीत गबर होऊन विलायतेला परतलेल्यांना तिकडे नेबॉब म्हणत.

इथल्या जुन्या लोकांना ती वाक्यं अजून पाठ आहेत. ॲग्न्यू यांनी मात्र ऑक्टोबर १९७३मध्ये करचुकवेगिरीच्या खटल्यात आरोपाला विरोध न करता राजीनामा दिला.

बघा, तिथेही शब्द धोरणावर आणि पुढाऱ्यांवरच आलाय. सामान्य मतदार भित्रे आहेत असं कुणी प्रचारात म्हणत नाही.

सरळरेघ

म्हणजे या शब्दाचा मुख्य उपयोग अनुप्रास जुळवणं. माझा मूळ मुद्दा सिद्ध झाला.

तिरकस_आजी

वकीलसाहेब, तुमची निकाल राखून ठेवलेली फाइल उघडी पडली.

खाटीकआळी_खवय्या

मला ग्रीक-लॅटिन येत नाही, मटण येतं. मटणवाल्याकडे 'काळीज द्या' म्हटलं की तो काय देतो? लिव्हर. हार्ट पाहिजे असेल तर वेगळं सांगावं लागतं. पण 'त्याचं काळीज वाघाचं आहे' म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर छाती येते. मग धैर्य राहतं कुठे, लिव्हरमध्ये की हार्टमध्ये?

इंग्रजीत भित्र्याला लिली-लिव्हर्ड म्हणतात असं मुलीच्या पुस्तकात बघितलं, म्हणून विचारतोय.

निवृत्त_मास्तर

खवय्ये, तुम्ही धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न विचारलात. जुन्या युरोपीय वैद्यकात यकृत हे रक्ताचं आणि त्यामुळे हिमतीचं ठिकाण मानत. ज्याचं यकृत पांढरं, त्याच्यात रक्त नाही, म्हणून हिंमत नाही. मॅकबेथ घाबऱ्या नोकराला लिली-लिव्हर्ड म्हणतो ते यामुळे. शेक्सपिअरचा फॉल्स्टाफ दारूची थोरवी गाताना म्हणतो की पांढरं, फिकट यकृत ही पुसिलॅनिमिटीची आणि भ्याडपणाची खूण आहे, आणि त्यावर उपाय शेरी. म्हणजे तुमचा लिव्हर आणि करवंदाताईंचा शब्द एकाच वाक्याच्या शेजारात राहतात. इथे शेक्सपिअरने दोन्ही शब्द एकामागे एक ठेवलेत हेही सरळरेघ यांनी पाहावं. दोन्ही एकच असते तर एकावर भागलं असतं.

सरळरेघ

फॉल्स्टाफ दारू पिऊन बोलतोय. साक्ष ग्राह्य नाही.

खाटीकआळी_खवय्या

आणि जिगर? जिगरबाज?

निवृत्त_मास्तर

फारसीत जिगर म्हणजे यकृतच! जिगरबाज हा लिली-लिव्हर्डचा नेमका उलटा. फारसी, इंग्रजी आणि तुमची खाटीकआळी तिघांचं एकमत.

एकमतावरून आठवलं. युनॅनिमस म्हणजे एकमताने, त्यातही हाच ॲनिमस. इक्वॅनिमिटी म्हणजे समचित्तता, त्यातही तोच. मॅग्नॅनिमस म्हणजे मोठ्या मनाचा, शब्दशः महामना. मदनमोहन मालवीयांना आपण महामना म्हणतो तेव्हा नकळत मॅग्नॅनिमसच म्हणतो.

आणि हा ॲनिमस आपल्या लांबच्या नात्यातला आहे. संस्कृतातला 'अन्' धातू, श्वास घेणे, त्यावरून अनिल, त्यावरून प्राण. लॅटिन ॲनिमस त्याच मुळातला. तेव्हा मॅग्नॅनिमसचं मुळाला धरून भाषांतर होईल महाप्राण, आणि पुसिलॅनिमसचं अल्पप्राण.

पेठेतला_पोरगा

😂😂 सर, म्हणजे क ग च ज हे सगळे पुसिलॅनिमस आणि ख घ छ झ मॅग्नॅनिमस?

निवृत्त_मास्तर

तेच! आणि गंमत बघ, भित्रा, भ्याड, भेकड, भागूबाई हे सगळे 'भ'ने सुरू होतात. भ महाप्राण.

तिरकस_आजी

भागूबाईला कशाला मध्ये ओढता. कोण बिचारी भागूबाई कधी घाबरली आणि पिढ्यान् पिढ्या पुरुषांना तिचं नाव लावतायत. बायकांच्या नावाने पुरुषांना हिणवायचं, त्यात पुरुषाचाही अपमान आणि बाईचा तर आहेच. भाषांतरात हा आणि बांगड्यांचा वाक्प्रचार कृपया नको.

बाकी तुम्ही सगळे युरोपात फिरताय म्हणून मी घरातले शब्द लावून देते. बुजरा म्हणजे माणसांची सवय नसलेला, सवय झाली की सुटतो. लाजाळू वेगळा, त्याला भीती नाही, संकोच आहे. भिडस्त तर फारच वेगळा, त्याला नाही म्हणता येत नाही. 'भीड भिकेची बहीण' म्हणतात ते त्याच्यासाठी. उसने पैसे परत मागता येत नाहीत, पाहुण्यांना जा म्हणता येत नाही. इंग्रजीत याला एक शब्द सांगा बघू. घाबरट हा दचकणारा. भित्र्याच्या पाठीशी ब्रह्मराक्षस असतो. भेकड आणि भ्याड म्हणजे उघड शिव्या. नेभळट, बुळा, मुळमुळीत, शेळपट, हे कणा नसलेले. मेषपात्र त्यातलंच, जरा सदाशिव पेठी.

तुम्हाला हवाय तो यांच्यात नाही. तो आहे कचखाऊ.

करवंदाची_जाळी

आजी! कचखाऊ. ऐन वेळी कच खाणारा. क्षण आला, आधीची ऐपतही गृहीत धरली, आणि तुच्छताही आली. घोडा जवळ होता म्हणून शोधला नाही.

न्यूजर्सीतला_भाऊ

आजींच्या मुळमुळीतवरून एक. अमेरिकन इंग्रजीत भिडस्त-नेभळट माणसाला मिल्कटोस्ट म्हणतात. एच. टी. वेब्स्टर या व्यंगचित्रकाराने १९२४मध्ये कॅस्पर मिल्कटोस्ट नावाचा माणूस काढला होता, मालिकेचं नाव द टिमिड सोल. गरम दुधात भिजवलेला टोस्ट आजाऱ्याला देत, त्यावरून आडनाव. स्पेलिंग मुद्दाम फ्रेंच थाटाचं. मॅनेजर तसा असेल तर इथे ऑफिसात अजून म्हणतात. पण मिल्कटोस्टचा राग येत नाही, हसू येतं. पुसिलॅनिमसचं उलटं.

पुण्याचा_मामा

आपल्याकडे वरणभाती.

सरळरेघ

गंभीर आक्षेप एकच उरलाय. करवंदा यांची व्याख्या मान्य केली तर नम्र माणूस आणि पुसिलॅनिमस माणूस यांत फरक कसा करायचा? दोघेही म्हणतात, मी या कामाचा नाही.

वसईकरीण

यावर इटलीत सातशे वर्षं वाद चालू आहे! १२९४मध्ये डोंगरात राहणाऱ्या एका म्हाताऱ्या संन्याशाला कार्डिनलांनी पोप केलं, पाचवा सेलेस्टिन. जुलैत निवड, डिसेंबरात त्याने स्वतःहून पद सोडलं. राज्यकारभार आपल्याला झेपत नाही म्हणाला. कवी दान्तेने नरकाच्या दाराशी, आत घ्यायलाही कुणी तयार नाही अशा लोकांत, 'क्षुद्रपणामुळे मोठा नकार देणारा' एक जण ठेवलाय. नाव घेतलेलं नाही, पण बहुतेक भाष्यकार तो सेलेस्टिनच मानतात. आणि चर्चने त्याच सेलेस्टिनला १३१३मध्ये संत घोषित केलं.

एकाच कृत्याला कवी छोटं मन म्हणतो, चर्च नम्रता म्हणतं. वकीलसाहेब, यात निकाल द्या आता.

सरळरेघ

दोन्ही पक्षांना मान्य होईल असा तोडगा सुचत नाही. दान्तेचा स्वतःचा हितसंबंध होता हे नोंदवतो. सेलेस्टिननंतर जो पोप आला, आठवा बोनिफेस, त्याच्या राजकारणामुळेच दान्तेला फ्लॉरेन्समधून हद्दपार व्हावं लागलं. ज्याच्या नकाराचा तोटा आपल्याला होतो त्याला आपण पुसिलॅनिमस म्हणतो. ज्याच्या नकाराचा फायदा होतो तो नम्र. हा शब्द वर्णन कमी करतो आणि आरोप जास्त. आरोपाला पुरावा लागतो. म्हणून बातमीत नको, अग्रलेखात चालेल.

करवंदाची_जाळी

हे लिहून ठेवतेय. खरंच, बातमीत मी हा शब्द कधी पाहिलेला नाही, मतप्रदर्शनातच.

तिरकस_आजी

करवंदा, कचखाऊ सांगितला खरा, पण प्रत्येक ठिकाणी विशेषणाच्या जागी विशेषणच बसवायला पाहिजे असं कुठे आहे? इंग्रजीला विशेषणं चिकटवायची हौस. आपल्याला क्रियापद आवडतं. 'सरकारची कचखाऊ प्रतिक्रिया' हे छापलेलं वाटतं. 'सरकारने कच खाल्ली' हे बोललेलं. तुझं ते सायलेन्सवालं काय होतं? 'मूग गिळून बसले.' त्यात सगळं आलं, तोंड आहे, बोलायला पाहिजे हेही माहितीये, आणि बसलेत. कॉम्प्रोमाइज असेल तर 'शेपूट घालून तडजोड केली'. कुणी जबाबदारीचं काम टाळलं तर 'अंग चोरलं'. संकट आल्यावर 'हातपाय गाळले'. प्रत्येक वेळी दुसरं.

करवंदाची_जाळी

पटलं. तपासून बघते. हातात आहे तो लेख एका विद्यापीठाबद्दल आहे, बाहेरून दबाव आल्यावर ठरलेलं व्याख्यान रद्द केलं. मूळ 'द युनिव्हर्सिटीज पुसिलॅनिमस डिसिजन'. 'विद्यापीठाने कच खाल्ली आणि व्याख्यान रद्द केलं.' हे बसतंय. पण पुढे लेखक म्हणतो, 'पुसिलॅनिमिटी हॅज बिकम अ हॅबिट'. तिथे भाववाचक नाम लागणार. कचखाऊपणा?

वसईकरीण

अल्पधीर घे की. 'अल्पधीराची सवयच लागली आहे.'

निवृत्त_मास्तर

अल्पधीर सुंदर आहे, पण त्यात दया आहे. पौलाची दया. लेखकाला दया नकोय. तिथे 'कच खाण्याची सवयच जडली आहे' करा, नाम टळेल.

पुण्याचा_मामा

'मूग गिळायची सवय' म्हणा. पुढे वायदे बाजारात मुगाचा भाव वाढला असंही लिहिता येईल.

न्यूजर्सीतला_भाऊ

एक शंका. टिमरस आणि टिमिडमध्ये फरक आहे का? स्कॉटिश कवी बर्न्सच्या १७८५च्या उंदरावरच्या कवितेत टिमरस आहे, नांगराने बीळ मोडल्यावर घाबरलेला उंदीर.

करवंदाची_जाळी

थोडा आहे. टिमरस आता पुस्तकी राहिलाय आणि त्यात प्रत्यक्ष थरथर जास्त दिसते. टिमिड रोजचा, माणसालाही लागतो आणि प्रयत्नालाही, 'अ टिमिड अटेम्प्ट' म्हणजे बिचकत केलेला प्रयत्न. डिफिडंटमध्ये भीती बाहेरच्या कशाची नसते, स्वतःवर भरवसा नसतो. क्रेव्हन सगळ्यात खालचा, त्यात लाचारी आली. त्या उंदराला पुसिलॅनिमस म्हटलं तर अन्याय होईल, त्याने बिळात पळण्याखेरीज करायचं तरी काय होतं.

पेठेतला_पोरगा

सगळ्यांना धन्यवाद, वाखू (वाचनखूण) साठवली. पण माझा परीक्षेचा प्रश्न राहिलाच. पुसिलॅनिमसचा विरुद्धार्थी विचारला आणि पर्यायांत मॅग्नॅनिमस आणि करेजस दोन्ही असले तर कुठला टिकवायचा? मास्तरांच्या हिशेबाने मॅग्नॅनिमस यायला पाहिजे.

निवृत्त_मास्तर

करेजस. माझ्या हिशेबाने जाऊ नकोस, गुण जातील. मॅग्नॅनिमस आता धैर्याकडून औदार्याकडे सरकलाय, हरलेल्याशी दिलदारपणे वागणारा, मागचं विसरणारा. त्याचा विरुद्धार्थी विचारला तर पर्यायांत पेटी (क्षुद्र मनाचा) किंवा व्हिन्डिक्टिव्ह (सूड धरणारा) असतो, तो टिकव. जन्माने जोडी होती, आता दोघांचे संसार वेगळे.

पेठेतला_पोरगा

आणि वाक्यात उपयोग? लिहून बघितलंय, 'माय कॅट इज पुसिलॅनिमस.'

सरळरेघ

मांजरीवर कोणती जबाबदारी होती?

पेठेतला_पोरगा

घरात उंदीर झालेत सर.

सरळरेघ

मग वाक्य बरोबर आहे.